उरलेले साडेबावीस तास

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. १५ ऑगस्ट २०२२ पासून तिथे एक नवा रिवाज सुरू झाला. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजायचा आणि घरोघरचे टीव्ही, मोबाइल बंद व्हायचे. साडेआठला दुसरा भोंगा झाला की मग ज्याला जे बघायचे ते बघायला मोकळीक. करोनाच्या काळात शाळा फोनमध्ये शिरली होती. वर्ग पुन्हा भरू लागले तरी मुलांच्या हातचा फोन सुटेना आणि दप्तर काही उघडेना, ही शिक्षकांची तक्रार त्यामागे होती. सरपंच विजय मोहिते यांनी ही कल्पना मांडली तेव्हा पुरुषमंडळींनी ती हसण्यावारी नेली. मग गावातल्या बायका एकत्र बसल्या. मालिका लागल्या की आपलाही पाय निघत नाही, हे त्यांनी मोकळेपणाने कबूल केले आणि तिथून गाडी पुढे सरकली. अंगणवाडी सेविका, आशा सेविका, निवृत्त शिक्षक घरोघर समजावत फिरले.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यात, पुसद तालुक्यातल्या बान्शी गावच्या ग्रामसभेने निराळा मार्ग धरला. अठरा वर्षांखालच्या मुलांनी मोबाइल वापरायचाच नाही; वापरताना सापडल्यास २०० रुपये दंड.

दोन्ही ठराव देशभर गाजले. त्यातला वडगावचा अधिक शहाणा म्हणायला हवा, कारण त्याने थोरांच्या हातातलाही फोन खाली ठेवायला लावला. तरी हिशेब केला तर तो दीड तासाचा आहे. दिवसाचे साडेबावीस तास उरतात, आणि त्यांतले रात्री साडेअकरानंतरचे, पांघरुणाखालचे तास तर असे की तिथवर कोणत्याच भोंग्याचा आवाज पोचत नाही. त्या वेळी अनोळखी माणसाचा मेसेज आला तर पंधरा वर्षांच्या मुलाने काय करायचे, हे त्याला कोणीतरी आधीच शिकवलेले असावे लागते. बहुतेक घरांत ते शिकवलेले नसते. फोन देताना चार्जर कुठला, कव्हर कोणते, याची चर्चा होते आणि ‘जपून वापर हं’ एवढ्या दोन शब्दांत बाकीचे शिक्षण उरकले जाते.

फोन मुलांपर्यंत पोचला आहे, हा आता वादाचा मुद्दा राहिलेला नाही. ‘प्रथम’ संस्थेच्या २०२४ च्या ‘असर’ पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ८२.२ टक्के मुलांना स्मार्टफोन चालवता येत होता. पाहणीच्या आधीच्या आठवड्यात अभ्यासाच्या कामासाठी तो वापरलेली मुले ५७ टक्के होती, समाजमाध्यमांसाठी वापरलेली ७६ टक्के. हे आकडे खेड्यांतले आहेत, पुण्या-मुंबईतले नव्हेत. समाजमाध्यमे वापरणाऱ्या मुलांना सुरक्षिततेचे प्रश्नही विचारले गेले. एखाद्याला ब्लॉक कसे करायचे किंवा त्याची तक्रार कशी करायची हे सुमारे ६२ टक्क्यांना ठाऊक होते. आपले खाते खासगी कसे ठेवायचे हे सुमारे ५५ टक्क्यांना. म्हणजे जवळपास निम्मी मुले दाराला कडी कुठे आहे हे न बघताच घरात राहायला आली आहेत.

आदल्या वर्षीच्या ‘असर’मध्ये आणखी एक आकडा होता आणि तो या सगळ्या चर्चेत हमखास विसरला जातो. १४ ते १८ वयोगटातल्या, फोन चालवता येणाऱ्यांपैकी स्वतःचा स्मार्टफोन असलेले मुलगे ४३.७ टक्के होते आणि मुली १९.८ टक्के. मुलीच्या हाती फोन आला तरी तो भावाचा किंवा वडिलांचा असतो आणि परत घेतला जाण्याच्या अटीवरच मिळालेला असतो. तिच्यासाठी ‘फोन बंद’ या शिक्षेचा अर्थ पुष्कळदा ‘क्लास बंद’, कधी ‘शिक्षण बंद’ असाही होतो. या गोष्टीकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

दरम्यान एक कायदेशीर बाब. दूरसंचार विभागाच्या २०२१ च्या आदेशानुसार अठरा वर्षांखालच्या व्यक्तीला सिम कार्ड विकता येत नाही, कारण अल्पवयीनाशी करारच होऊ शकत नाही. तेव्हा दहावीतल्या मुलाच्या फोनमधले सिम कोणाच्या तरी आईच्या, वडिलांच्या, मामाच्या नावावर असते. त्या नंबरावरून काही भलते घडले तर पोलिसांचा पहिला फोन त्या मामाला जातो. ‘तुझा फोन’ असे घरात सगळे म्हणतात, पण कागदावर तो मुलाचा नसतो. देताना हे त्याला स्पष्ट सांगायला काही हरकत नाही.

किशोरवयीन मुले बेफिकीर असतात, असे सरसकट म्हटले जाते. शास्त्रज्ञांचे म्हणणे जरा वेगळे आहे. मेंदूतला आवर घालणारा, परिणामांचा विचार करणारा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत राहतो. बक्षिसाने, कौतुकाने सुखावणारा भाग मात्र वयात येतानाच जोरात कामाला लागतो. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली संगणकावरच्या गाडी चालवण्याच्या खेळातून हे तपासले. एकटे खेळताना किशोरवयीन मुले बऱ्यापैकी सांभाळून खेळत होती. सोबतचे मित्र बघू लागले की त्यांनी कितीतरी जास्त धोके पत्करले. चोविशीपुढच्या माणसांवर मात्र मित्रांच्या हजेरीचा फारसा परिणाम दिसला नाही. आता फोन काय करतो? तो मित्रांना चोवीस तास मुलाच्या खिशात आणून बसवतो.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजलिस शाखेत २०१६ साली झालेला प्रयोग तर थेट फोनवरच्या ‘लाइक’चा होता. १३ ते १८ वयाच्या ३२ मुलामुलींना मेंदूचे चित्रण करणाऱ्या यंत्रात झोपवून इन्स्टाग्रामसारखा पडदा दाखवला गेला. तोच फोटो निम्म्यांना भरपूर लाइक मिळालेला दिसत होता, निम्म्यांना थोडे. लाइक जास्त दिसले की मुलेही तो फोटो पसंत करत होती. स्वतःच्या फोटोला खूप लाइक दिसल्यावर मेंदूतली बक्षिसाची केंद्रे उजळत होती. सिगारेट, दारू असे फोटो पाहताना आवर घालणाऱ्या भागांची हालचाल मंदावत होती. प्रयोग लहान आहे, त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण ज्या आईने ‘दहा मिनिटांत किती लाइक आले’ म्हणून पाच वेळा फोन उघडणारी लेक पाहिली आहे, तिला त्यात नवल वाटणार नाही.

आणि समोरचा पडदाही काही भोळाभाबडा नसतो. बोट वर सारत जावे आणि खाली पान कधी संपूच नये, ही युक्ती २००६ साली अझा रास्किन या अभियंत्याने शोधली. पुढे त्यालाच तिचा पश्चात्ताप झाला. वर्तमानपत्राला शेवटचे पान असते, मालिकेचा भाग अर्ध्या तासात आटोपतो. रीलला शेवट ठेवलेलाच नाही. मुलाची इच्छाशक्ती कमी पडते तेव्हा तिच्यासमोर कोण उभे आहे हेही पाहायला हवे. मोठ्यांची तरी कुठे पुरते?

आता भीतीविषयी. पालकांना भीती पुष्कळ वाटते, मात्र ती अनेकदा भलत्याच गोष्टीची असते. २०१७ च्या पावसाळ्यात ‘ब्लू व्हेल’ नावाच्या तथाकथित खेळाने अवघ्या देशाची झोप उडवली होती. शाळांनी परिपत्रके काढली, पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर इशाऱ्यांचा पाऊस पडला. केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने संशयित घटनांची तपासणी केली आणि त्यांतल्या एकाही घटनेशी या खेळाचा संबंध सिद्ध झाला नाही, असे जानेवारी २०१८ मध्ये संसदेला सांगण्यात आले. तोवर ते इशारे लाखो मुलांपर्यंत पोचून गेले होते. दुसऱ्या वर्षी ‘मोमो’ आला. तीही अफवाच निघाली. मुलांना ‘खात्री केल्याशिवाय फॉरवर्ड करू नको’ असे शिकवायचे असेल तर आधी पालकांचे गट तपासावे लागतील, एवढे या दोन प्रकरणांवरून म्हणता येते.

फोनमुळे एक अख्खी पिढी नैराश्यात गेली का, हा वाद तर शास्त्रज्ञांतही मिटलेला नाही. जोनाथन हाइट यांनी २०२४ साली पुस्तक लिहून होकार भरला. कँडिस ऑजर्स यांनी ‘नेचर’मध्ये त्यांच्या पुराव्यांवर कडक आक्षेप घेतले. त्याआधी २०१९ मध्ये एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू शिबिल्स्की यांनी साडेतीन लाखांहून अधिक मुलांची माहिती तपासली होती. मुलांच्या मनःस्वास्थ्यातल्या फरकापैकी जास्तीत जास्त ०.४ टक्के फरक त्यांना डिजिटल साधनांच्या वापराशी जोडता आला. नियमित बटाटे खाण्याशी असलेला संबंधही साधारण तेवढाच निघाला. बटाट्याचा हा दाखला घरात भांडणासाठी मुलांच्या हाती लागू नये, पण मोठ्यांनी तो लक्षात ठेवावा. सरासरी मात्र सरासरीच असते. तिच्यात रोज अर्धा तास गाणी ऐकणारी मुलगी असते आणि पहाटे तीनला कोणाच्या तरी धमकीला उत्तर टाइप करणारा मुलगाही असतो.

त्या मुलाचे काय होते ते नीट समजून घ्यायला हवे, कारण अफवांतल्या देवमाशापेक्षा ही गोष्ट खरी आहे आणि रोज घडते आहे. इन्स्टाग्रामवर किंवा खेळाच्या चॅटमध्ये एक ‘मुलगी’ ओळख काढते. तिचा फोटो देखणा असतो, आपल्या शाळेतल्या दोघाचौघांशी तिची आधीच ‘मैत्री’ दिसते, त्यामुळे संशय येत नाही. बोलणे चटकन खासगी होते. ती आधी स्वतःचा म्हणून एक फोटो पाठवते आणि मग तसाच मागते, किंवा व्हिडिओ कॉल लावते. फोटो गेला की पाचच मिनिटांत भाषा बदलते. मुलाच्या मित्रयादीचा, नातेवाइकांच्या नावांचा स्क्रीनशॉट येतो. ‘अमुक इतके पैसे टाक, नाहीतर हे सगळ्यांना जाईल.’ पलीकडे बहुधा मुलगी नसतेच, टोळी असते. आपल्याकडे राजस्थानातले भरतपूर, अलवर आणि हरयाणातले नूह हे भाग अशा ब्लॅकमेलसाठी पोलिसांच्या नोंदींत वारंवार आले आहेत. अमेरिकेच्या एफबीआयचे निरीक्षण असे की पैशांसाठी केल्या जाणाऱ्या या प्रकारात सावज बहुतेक वेळा १४ ते १७ वयाचे मुलगे असतात. ‘आपल्याला मुलगाच आहे, मुलगी असती तर काळजी’ असे म्हणणाऱ्या घरांनी हे दोनदा वाचावे.

या टोळीचे खरे भांडवल फोटो नसून वेळ असतो. मुलगा तासभर, रात्रभर एकटा राहिला पाहिजे. त्याने कोणाला सांगता कामा नये. आणि ते त्याच्याकडून करून घेण्यासाठी टोळीला फार कष्ट पडत नाहीत, कारण ते काम घराने आधीच करून ठेवलेले असते. ‘असले काही केलेस तर फोन कायमचा काढून घेईन’ हे वाक्य ज्या मुलाने शंभरदा ऐकले आहे, तो मध्यरात्री आईला उठवायला जाईल का? तो चुलत्याकडून, मित्राकडून, आजीच्या डब्यातून पैसे काढील. मुलीच्या बाबतीत, आधी सांगितल्याप्रमाणे, फोनबरोबर कॉलेजही जाण्याची धास्ती असते. पालकांची ही धमकी म्हणजे घराच्या सुरक्षिततेतले सर्वांत मोठे भगदाड आहे, आणि ते बुजवायला कुठले ॲप लागत नाही.

३ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबईत राज्य पोलीस मुख्यालयात सायबर जागृती महिन्याच्या कार्यक्रमात अभिनेता अक्षय कुमार याने आपल्याच घरातला प्रसंग सांगितला. मुलगी ऑनलाइन खेळत होती. अनोळखी खेळाडूशी गोडगोड बोलणे चालू होते. मग तू मुलगा की मुलगी, असे त्याने विचारले. मुलगी, असे उत्तर गेल्यावर काही वेळाने त्याने थेट नग्न फोटो मागितले. तिने ते सगळे बंद केले आणि जाऊन आईला सांगितले. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस समोर होते. सातवी ते दहावीच्या वर्गांना आठवड्याला एक सायबरचा तास असावा, अशी विनंती त्याने केली. बातम्यांत तासाची मागणी आणि नटाचे नाव मोठे झाले. त्यातला मोलाचा भाग दुसराच होता. मुलगी उठून आईकडे गेली. त्या घरात फोनवर कोणते कुलूप होते हे कोणी विचारले नाही, आणि त्याची गरजही पडली नाही.

सांगितल्यावर मोठ्यांनी करायच्या गोष्टीही ठरलेल्या आहेत. पैसे द्यायचे नाहीत. एकदा दिले की मागणी वाढतेच. घाबरून चॅट पुसायचे नाही. समोरच्याचे खाते, नंबर, यूपीआय आयडी दिसतील असे स्क्रीनशॉट काढायचे, मग ब्लॉक करायचे. पैसे गेले असतील तर १९३० वर तत्काळ फोन करायचा, कारण रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्याआधी बँकेला ती थोपवता येते आणि तिथे मिनिटांना किंमत असते. केंद्राच्या सायबर गुन्हे पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांविषयीच्या तक्रारींचा वेगळा विभाग आहे. तिथे नाव न देताही कळवता येते.

फोटो पसरण्याची भीती असेल तर आणखी एक सोय आहे आणि ती फार थोड्यांना माहीत आहे. बेपत्ता आणि शोषित मुलांसाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या राष्ट्रीय केंद्राने २०२३ साली ‘टेक इट डाउन’ नावाची मोफत सेवा सुरू केली. अठरा वर्षांखालचे असताना काढलेल्या फोटोंसाठी ती आहे. तिची पद्धत ऐकण्यासारखी आहे. फोटो कुठेही पाठवावा लागत नाही. मुलाच्या स्वतःच्या फोनवरच त्या फोटोवरून आकडे-अक्षरांची एक लांबलचक ओळ तयार होते. बोटाच्या ठशावरून चेहरा काढता येत नाही, तसा त्या ओळीवरून फोटो परत बनवता येत नाही. फक्त तो ठसा फेसबुक, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅटसारख्या सहभागी कंपन्यांकडे जातो आणि त्याच्याशी जुळणारा फोटो आढळला की त्या तो अडवतात किंवा काढतात. व्हॉट्सॲपच्या बंद संदेशांत मात्र हा उपाय पोचत नाही, कारण ते संदेश कंपनीला वाचता येत नाहीत.

‘एकदाच दिसेल’ अशी सोय लावून पाठवलेला फोटोही सुरक्षित नसतो, हेही जाता जाता सांगून टाकावे. स्क्रीनशॉट घेता येत नाही, ठीक. शेजारी दुसरा फोन धरून फोटो काढायला कोण अडवणार?

मुले बळी ठरतात तशी अपराधीही ठरतात, आणि त्यांना स्वतःला त्याचा पत्ता नसतो. २०२० च्या मे महिन्यात दिल्लीत शाळकरी मुलांचा इन्स्टाग्रामवरचा एक गट उघडकीस आला. मुलींचे फोटो त्यांच्या परवानगीविना टाकून त्यावर किळसवाणी शेरेबाजी चालायची. पोलिसांनी चौकशी केली, गट चालवणाऱ्याला अटक झाली. तेव्हा निदान फोटो खरे होते. आता वर्गातल्या मुलीचा साधा सहलीचा फोटो घेऊन त्याचा अश्लील फोटो करून देणारी ॲप मिळतात, आणि ‘गंमत केली’ म्हणणारी मुलेही. कायद्यात ती गंमत नाही. लहान मुलांचे लैंगिक चित्रण बनवणे, पाठवणे, जवळ ठेवणे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७-ब कलमाखाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पॉक्सो कायद्याची कलमे वेगळी. २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असे साहित्य नुसते बाळगणे आणि पाहणे यांचीही गय होणार नाही, हे स्पष्ट केले. अल्पवयीन मुलाचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे चालते हे खरे. पण शाळेत पोलिस येतात ते येतातच. गटावर दुसऱ्याने टाकलेले तसले चित्र पुढे ढकलणारा ‘मी फक्त फॉरवर्ड केले’ असे म्हणून सुटत नाही. नववीच्या मुलांना हे कोणीतरी गंभीर चेहऱ्याने एकदा सांगायला हवे.

पैशांचा विषय त्यामानाने सोपा आहे, मुलांना तो पटकन समजतोही. ओटीपी आणि यूपीआयचा पिन कोणालाही सांगायचा नाही. पैसे घेण्यासाठी पिन लागतच नाही. लग्नपत्रिकेच्या किंवा वाहतूक दंडाच्या नावाने व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाइल उघडायची नाही, कारण ती फोनचा ताबा घेणारे ॲप असते. कोणी ‘तुझे बँक खाते महिनाभर वापरायला दे, कमिशन देतो’ म्हणाले तर ते चोरीच्या पैशांची ने-आण करण्यासाठीच असते आणि खाते ज्याचे त्याच्या दारात पोलिस येतात. कॉलेजच्या पहिल्या वर्षातली मुले यात फार सापडतात. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ तर ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने संसदेने बंदच केले.

मग सेटिंग, नियंत्रणाची ॲप, यांचा उपयोग नाही का? आहे, पण त्यांच्याकडून किती अपेक्षा ठेवायची याला सीमा आहे. इन्स्टाग्रामने किशोरवयीनांची वेगळी खाती सप्टेंबर २०२४ मध्ये परदेशात आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतात आणली. ही खाती आपोआप खासगी असतात, अनोळखी लोकांना मेसेज करता येत नाही, तासभर झाला की आठवण येते, रात्री दहा ते सकाळी सात सूचना गप्प राहतात आणि सोळाच्या आतल्या मुलाला हे बदलायला पालकांची मंजुरी लागते. छान आहे. फक्त त्यासाठी मुलाने जन्मवर्ष खरे लिहिलेले असावे लागते! गूगलच्या ‘फॅमिली लिंक’वरून वेळेची मर्यादा घालता येते, नवे ॲप घेण्याआधी पालकाकडे विचारणा येते. अकरा-बारा वर्षांच्या मुलासाठी हे जरूर वापरावे, मुलाला सांगून आणि त्याच्यासमोर लावावे.

चोरून लावलेले हेरगिरीचे ॲप मात्र नको. ते सापडते, आणि सापडले की मूल दुसरा फोन शोधते, मित्राचा किंवा जुना. मग पालकाला दिसत असलेला फोन स्वच्छच दिसत राहतो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचे चॅट वाचत बसण्याने मिळते त्याहून गमावले जाते जास्त.

पूर्वी गावात मुलाला विहिरीत पोहायला शिकवत तेव्हा पाठीला सुका भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधत, काठावर कोणीतरी दोर धरून बसे, आणि मूल हातपाय मारायला लागले की दोर हळूहळू सैल होई. कोणी सोळा वर्षे विहिरीजवळ फिरकू न देता सतराव्या वर्षी ढकलून देत नसे. फोनही असाच टप्प्याटप्प्याने द्यायला हवा. आधी घरातल्या सगळ्यांचा एक फोन, बैठकीच्या खोलीत. मग कॉल आणि घरच्या गटापुरता फोन. मग खासगी ठेवलेले एखादे खाते, आईवडील मित्रयादीत असलेले. दर टप्प्याला काय जमले, काय बिघडले यावर बोलणे. बहुतांश समाजमाध्यमांनी १३ वर्षांची अट ठेवलेली आहे. सहावीतल्या मुलासाठी खोटी जन्मतारीख स्वतः टाकून देणारा बाप मुलाला फोनचा पहिला धडाच खोटेपणाचा देतो.

झोपेच्या बाबतीत मात्र वाटाघाटी नकोत. १३ ते १८ वयात आठ ते दहा तास झोप लागते आणि याच वयात शरीराचे घड्याळ मुळातच उशिराकडे सरकते. मुले आळशीपणाने जागतात असे नाही. त्यात हातातला उजळ पडदा भर घालतो. हार्वर्डशी संलग्न संशोधकांनी २०१५ साली दाखवले की झोपण्याआधी प्रकाशमान पडद्यावर वाचले की झोप आणणारे मेलाटोनिन उशिरा स्रवते. उपाय बिनखर्चाचा आहे. रात्री घरातले सगळे फोन स्वयंपाकघरात किंवा बाहेरच्या खोलीत चार्जिंगला, आणि गजरासाठी दीडशे-दोनशे रुपयांचे घड्याळ. ‘सगळे फोन’ म्हणजे वडिलांचाही. जेवताना ताटाशेजारी फोन ठेवणाऱ्या बापाने मुलाला दिलेले व्याख्यान मुलगा ऐकून घेतो, एवढेच.

शाळांनी काय करायचे, यावर दिल्ली उच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २०२५ चा निकाल वाचण्याजोगा आहे. शाळेत फोनवर सरसकट बंदी घालणे ना इष्ट, ना शक्य, असे न्यायमूर्ती अनूप भंभानी यांनी म्हटले. शक्य तिथे फोन आत येताना जमा करावा, वर्गात वापरू नये, आणि त्याचबरोबर शाळेने मुलांना ऑनलाइन वागण्याचे शिक्षण द्यावे, असे मार्गदर्शन त्यांनी केले. ऑस्ट्रेलियाने उलट टोक गाठले. १० डिसेंबर २०२५ पासून तिथे सोळा वर्षांखालच्यांना समाजमाध्यमांवर खाते ठेवू देणे कंपन्यांना मना आहे, मोडल्यास ४.९५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड. दंड मुलाला नाही, पालकाला नाही, कंपनीला आहे, एवढी एक गोष्ट बान्शीच्या ठरावाहून बरी. आपल्याकडे २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठराखालच्यांची माहिती घेण्याआधी पालकांची पडताळलेली संमती आणि मुलांवर नेम धरून जाहिराती दाखवायला बंदी, अशा तरतुदी केल्या आहेत. अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हायची आहे.

बंदीचा विचार करताना दुसरी बाजूही असते. २०२० साली सिंधुदुर्गातल्या दारिस्ते गावची एक विद्यार्थिनी नेटवर्क मिळते म्हणून डोंगरावर झोपडीत बसून पशुवैद्यकाचा अभ्यास करत होती. फोन बंद ठेवायला सांगणारा भोंगा तिने ऐकला असता तर तिचा अभ्यासच थांबला असता.

तेव्हा घरातल्या करारात अटी किती का असेनात, पहिली अट मोठ्यांनी पाळायची आहे: फोनवर काहीही घडले, चूक स्वतःची असली तरी, येऊन सांगितल्याबद्दल शिक्षा होणार नाही आणि फोन जाणार नाही. हे नुसते बोलून भागत नाही. पहिल्यांदा मूल येऊन काही सांगते तेव्हा चेहरा शांत ठेवावा लागतो, आणि ते अवघड असते. रागावायचे असेल तर दुसऱ्या दिवशी. आणि काही क्रमांक मुलांनी स्वतःच्या हाताने फोनमध्ये साठवलेले असावेत: सायबर फसवणुकीसाठी १९३०, मुलांच्या मदतीसाठी १०९८, जो १९९६ साली मुंबईतच सुरू झाला, आणि मन फार खचले असेल तर टेली-मानसचा १४४१६. तिन्ही फोन मोफत आहेत. आज रात्रीच ते साठवून घ्या, पालकांनीही.